सोलर घ्यायचं की गिझर? दुकानात जाण्याआधी सकाळच्या बादल्या मोजा!

वर्धा : दिवाळी झाली, कापूस घरात यायला लागला आणि पहाटेचा गारठा वाढला की जिल्ह्यातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानांत एक प्रश्न हमखास विचारला जातो, ‘पाणी तापवायचं काहीतरी दाखवा.’ दुकानदार विचारतो, ‘घरात माणसं किती?’ आणि तेवढ्या एका उत्तरावर १५ लिटर, २५ लिटर किंवा थेट २०० लिटरचं सोलर गळ्यात पडतं. मग पहिल्याच थंडीत कळतं की तिसऱ्या माणसालाच थंड पाण्याने आंघोळ करावी लागते, नाहीतर एवढा पैसा घातलेलं सोलर वर्षातले नऊ महिने नुसतं उन्हात तापत पडतं.

वस्तू चांगली की वाईट हा पुढचा प्रश्न. आधी माप बरोबर पाहिजे. ते काढायला इंजिनिअर लागत नाही, घरातली बादली आणि थोडा हिशेब पुरतो.

माणसं नाही, बादल्या मोजा

एका घरात सहा माणसं असतात, पण सहाही जण सकाळी सहाला आंघोळ करत नाहीत. कोणी शेतातून आल्यावर दुपारी करतो, कोणाला थंडच पाणी लागतं. उलट दुसऱ्या घरात माणसं चारच असतात, पण आजीला आणि बाळंतिणीला दोन-दोन बादल्या कडक पाणी लागतं.

म्हणून तीन दिवस एवढंच करा. पहाटेपासून सकाळी नऊपर्यंत गरम पाण्याच्या किती बादल्या लागल्या, ते भिंतीवर खडूने लिहा. आंघोळ, तोंड धुणं, दुधाची भांडी, सगळं धरा. बादलीही मापून घ्या. कोणाची १५ लिटरची असते, कोणाची २० लिटरची. एक लिटरच्या पाण्याच्या बाटलीने भरून पाहिली की लगेच कळतं.

तीन दिवसांत ज्या दिवशी जास्त बादल्या लागल्या, तो आकडा धरायचा. पाहुण्यांच्या दिवसाचा धरायचा नाही. लग्नाला, तेरवीला पाणी चुलीवरच तापतं आणि ते बरोबरही आहे.

१०० लिटरचं सोलर म्हणजे ५ बादल्या नव्हे

इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. आंघोळीचं पाणी साधारण ४० अंश असलं की अंगाला बरं लागतं. गिझर किंवा सोलरच्या टाकीत पाणी ६० अंशांच्या आसपास तापतं. ते कोणी तसंच अंगावर घेत नाही, त्यात थंड पाणी मिसळतो. थंडीत गच्चीवरच्या टाकीतलं पाणी २० अंश धरलं, तर अर्धं गरम आणि अर्धं थंड मिसळून आंघोळीचं पाणी होतं. म्हणजे २० लिटरच्या एका बादलीला टाकीतलं १० लिटरच कडक पाणी लागतं.

या हिशेबाने १०० लिटरच्या सोलरमधून १० बादल्या निघायला पाहिजेत. पण जसजसं गरम पाणी काढतो, तसतसं मागून थंड पाणी टाकीत शिरतं आणि शेवटचं पाणी कोमट होतं. त्यामुळे १० ऐवजी ८ धरा. ढगाळ हवेत पाणी ५० अंशांपर्यंतच तापलं, तर ६ च धरा.

गिझरचंही तसंच. १५ लिटरच्या गिझरमधून एका वेळी सव्वा ते दीड बादली, २५ लिटरच्या गिझरमधून दोन ते अडीच बादल्या. त्यानंतर पुन्हा तापायची वाट पाहायची.

एक गोष्ट गावातल्या माणसाला आधीपासून माहीत आहे. विहिरीचं किंवा बोअरचं ताजं पाणी थंडीत कोमट लागतं, टाकीत रात्रभर राहिलेलं मात्र गारठतं. सकाळी मोटर लावून ताजं पाणी घेता येत असेल, तर तापवायचा खर्च तिथेच कमी होतो. ही फुकटची उष्णता आहे, ती रात्री टाकी भरून वाया घालवू नका.

गिझर घेताना गावची लाईट लक्षात घ्या

कंपनीच्या डब्यावर लिहिलेला वेळ हा पूर्ण व्होल्टेजचा असतो. २,००० वॉटचा १५ लिटरचा गिझर २३० व्होल्टवर साधारण २० ते २२ मिनिटांत २० अंशांचं पाणी ६० अंशांवर नेतो. पण पहाटे सगळ्या गावाचे रॉड आणि गिझर एकदम लागले आणि व्होल्टेज १८० वर आलं, तर तोच गिझर सव्वा हजार वॉटसारखा चालतो. मग त्याच पाण्याला ३५ मिनिटं लागतात. बिल वाढत नाही, वेळ मात्र वाढतो. शाळेची एसटी पकडायची असेल तर हा वेळ महत्त्वाचा.

लहान ३ लिटरचा, लगेच पाणी देणारा ३,००० वॉटचा गिझर स्वस्त पडतो आणि भिंतीवर जागाही कमी घेतो. त्यातून आंघोळीचं पाणी मिनिटाला साधारण २ लिटर मिळतं. म्हणजे २० लिटरची बादली भरायला नऊ-दहा मिनिटं. दोन-तीन माणसांच्या घराला तो पुरतो. मात्र तो १३ अँपिअर करंट ओढतो. साध्या बटणावर, पंख्याच्या वायरवर तो लावला की वायर तापते आणि प्लग जळतो. त्याला १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट आणि जाड तांब्याची वायर लागते. तुमच्या घराचा मंजूर भार किती आहे, ते वीजबिलावर लिहिलेलं असतं. गिझर घेण्याआधी ते बिल वायरमनला दाखवा.

ज्या गावात पहाटे लाईटचा भरवसा नाही, तिथे टाकीचा गिझर बरा. रात्री तापवून ठेवलं तर लाईट गेली तरी काही तास पाणी गरम राहतं. लगेच पाणी देणारा गिझर लाईटसोबतच थंड होतो.

रॉडचं काय?

रॉड स्वस्त आहे म्हणून घरोघरी आहे. १,५०० वॉटचा रॉड २० लिटरची बादली साधारण २० ते २५ मिनिटांत आंघोळीजोगी करतो आणि त्याला अर्धा युनिट लागतं. एक-दोन माणसांच्या घराला तेवढं पुरतं. पाच बादल्या करायच्या म्हटल्या तर मात्र पावणेदोन-दोन तास जातात.

पण रॉडमध्ये खरा धोका जिवाचा आहे. शॉक लागण्याच्या घटना बहुतेक एकाच चुकीतून होतात : बटण चालू असताना पाणी गरम झालं का म्हणून हात घालून पाहणं. नियम साधे आहेत आणि ते घरातल्या पोरांनाही पाठ पाहिजेत.

• आधी रॉड पाण्यात, मग बटण चालू.
• आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मग पाण्याला हात.
• लोखंडी, जर्मन किंवा स्टीलच्या भांड्यात रॉड लावायचा नाही.
• ओल्या पायाने, ओल्या जमिनीवर उभं राहून प्लगला हात लावायचा नाही.
• लहान मूल घरात असेल तर बादली दाराच्या आड, उंचावर.

रॉड असो की गिझर, घराला खरं अर्थिंग आहे का ते तपासून घ्या. तीन पिनचा प्लग असला म्हणजे अर्थिंग असतंच असं नाही. बोर्डात तिसरी वायर जोडलेलीच नसते, असं अनेक जुन्या घरांत आढळतं. सोबत शॉक लागताच लाईट तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. गिझरच्या आकारापेक्षा हा खर्च आधी करायचा.

सोलर : लिटरआधी छत पाहा

१०० लिटर पाणी म्हणजेच १०० किलो वजन. टाकी, काचेच्या नळ्या आणि स्टँड धरून हे ओझं आणखी वाढतं. कवेलूच्या किंवा टिनाच्या छतावर ते ठेवायचं नाही. स्लॅब नसेल तर अंगणात लोखंडी अँगलचा मजबूत स्टँड करून बसवता येतं, पण मग थंड पाण्याची टाकी त्याहून उंच पाहिजे. साध्या सोलरमध्ये पाणी उंचावरून आपोआप येतं, म्हणून थंड टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्यापेक्षा वर असावा लागतो. बऱ्याच घरांत थंड टाकी स्लॅबवर जमिनीलगत ठेवलेली असते. तिथे आधी टाकीसाठी ओटा किंवा स्टँड करावा लागतो, आणि हा खर्च सोलरच्या भावात धरलेला नसतो.

तोंड दक्षिणेकडे ठेवायचं आणि सावली पाहायची ती डिसेंबरमध्ये. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या कडुनिंबाची सावली उन्हाळ्यापेक्षा लांब पडते. मे महिन्यात उन्हात वाटणारी जागा थंडीत दिवसभर सावलीत असू शकते.

आता नळ्या. बहुतेक स्वस्त सोलर काचेच्या नळ्यांचे असतात. ज्या गावात वानरांचा त्रास आहे, तिथे वरून जाळी लावल्याशिवाय ते बसवू नका. फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीतही जाळी कामी येते. नळी फुटली तर सुटी नळी तालुक्याच्या ठिकाणी मिळते का, हे घेतानाच विचारा.

पाण्याचा क्षार हाही मोठा विषय. भांड्याला, माठाला पांढरा थर बसत असेल, साबणाला फेस येत नसेल, तर तोच थर सोलरमध्ये आणि गिझरच्या कॉइलवरही बसतो. तांब्याच्या बारीक पाइपांचं सोलर अशा पाण्याने चोंदतं. तिथे काचेच्या नळ्यांचं बरं, पण तेही वर्षातून एकदा साफ करावं लागतं.

आंघोळीची न्हाणी घराच्या मागे परसात असेल तर पाइप किती लांब जातो ते मोजा. अर्धा इंची ३० फूट पाइपात दीड लिटरहून जास्त पाणी असतं. ते थंड झालेलं पाणी दर वेळी आधी काढून टाकावं लागतं. गरम पाण्याला साधा पीव्हीसी पाइप चालत नाही, नरम पडतो. सीपीव्हीसी घ्या आणि उघड्यावर असेल तर त्यावर फोमचं आवरण चढवा.

उन्हाळ्यात सोलरचं काय करायचं?

वर्ध्याच्या मे महिन्यात गच्चीवरच्या साध्या टाकीतलं पाणीच दुपारी हात पोळवतं. त्या दिवसांत सोलरमधलं पाणी उकळत्या पाण्याच्या जवळ जातं आणि लहान मुलाने नळ उघडला तर भाजू शकतं. वापर नसेल तेव्हा नळ्यांवर ताडपत्री टाकून ठेवा. टाकीला हवेसाठी ठेवलेला उभा पाइप कधीही बंद करू नका, वाफ तिथूनच जाते. आणि टंचाईत टाकी कोरडी पडली असेल तर भर दुपारी थंड पाणी सोडू नका, तापलेल्या नळ्या तडकतात. पहाटे किंवा रात्री भरा.

पैसा कधी वसूल होतो?

इथे विकणारा आणि घेणारा यांचा हिशेब वेगळा असतो. समजा, घरात रोज २० लिटरच्या ६ बादल्या लागतात. गिझरवर त्याला साधारण ३ युनिट लागतात. युनिट ८ रुपये धरलं तर रोजचे २४ रुपये. समजा सोलर बसवण्यासकट २४ हजारांना पडलं.

गरम पाणी फक्त थंडीचे १०० दिवस लागत असेल, तर वर्षाला वाचतात २,४०० रुपये. म्हणजे वसुलीला १० वर्षं. पण घरी दुधाचा धंदा आहे, कॅन आणि भांडी रोज गरम पाण्याने धुवावी लागतात आणि वर्षाचे ३०० दिवस तेवढंच पाणी वापरात येतं, तर वाचतात ७,२०० रुपये. मग साडेतीन वर्षांच्या आत पैसा निघतो. आपल्या बिलावरचा दर आणि दुकानातला भाव टाकून हाच हिशेब मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करून पाहा.

आणखी एक. ‘पीएम सूर्यघर’ योजनेचं अनुदान छतावर वीज तयार करणाऱ्या पॅनलसाठी आहे, पाणी तापवणाऱ्या सोलरसाठी नाही. दोन्हीला लोक ‘सोलर’च म्हणतात. त्या नावाखाली कोणी पाणी तापवायच्या सोलरसाठी आगाऊ पैसे मागत असेल तर देऊ नका.

पऱ्हाटी फुकट असते का?

‘आमच्या घरी पऱ्हाटी, तुराटी ढिगाने पडली आहे, लाईट कशाला जाळायची?’ हे म्हणणं चुकीचं नाही. पण तिचंही माप घ्या. साध्या चुलीत बहुतेक आच बाहेरच्या बाहेर जाते. सहा बादल्या पाणी आंघोळीजोगं करायला अंदाजे पाच किलो सरपण जळतं. थंडीच्या १०० दिवसांत पाच क्विंटल. ते तोडणं, आणणं, पावसाआधी झाकून ठेवणं आणि पहाटे पाचला धुरात बसून फुंकणं, हे काम बहुतेक घरांत सासू किंवा सून करते. त्याची मजुरी कोणी धरत नाही म्हणून ते फुकट वाटतं.

शिवाय घराजवळ, बांधावर रचलेल्या पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळी दडून राहते. म्हणूनच कापूस निघाल्यावर पऱ्हाटीचे ढीग ठेवू नका, असं कृषी विभाग सांगतो. सरपणासाठी ठेवलेला ढीग पुढच्या हंगामात कपाशीला महागात पडू शकतो.

चुलीवरच पाणी तापवायचं असेल तर चूल तरी धुरांड्याची करा. हे वर्ध्याला नवीन नाही. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचं ठाणं वर्ध्याच्या मगनवाडीत होतं आणि बिनधुराची ‘मगन चूल’ तिथूनच पुढे आली. धूर छपराबाहेर गेला की डोळे आणि छाती दोन्ही वाचतात. तांब्याचा बंब असेल तर तोही न्हाणीत नाही, उघड्यावर पेटवा. बंद न्हाणीत बंब, शेगडी किंवा गॅस गिझर चालला तर विषारी वायू साचतो. त्याला वास नसतो आणि माणूस बेशुद्ध होईपर्यंत कळत नाही. गॅस गिझर नेहमी न्हाणीच्या बाहेरच्या भिंतीवर बसवायचा.

आणि टब बसवायचा असेल तर?

नवीन स्लॅबचं घर बांधताना आता काही ठिकाणी टबाचीही चौकशी होते. आंघोळीच्या साध्या टबाला १५० ते २०० लिटर पाणी लागतं, म्हणजे एका माणसाला ८ ते १० बादल्या. घरभराची आंघोळ एकाच टबात. चार माणसं बसतील अशा मोठ्या गरम टबात साधारण १,००० लिटर पाणी मावतं. ते नुसतं ३८ अंशांवर न्यायला २१ युनिट लागतात, २,००० वॉटच्या गिझरला साडेदहा तास. आणि एक टन पाण्याचं वजन स्लॅबवर पडतं ते वेगळंच.

गुडघे, कंबर दुखते म्हणून टब पाहिजे असेल तर पूर्ण अंग बुडवायची गरज नसते. सेवाग्रामला राहणाऱ्या गांधीजींचा निसर्गोपचारावर भर होता. त्यातलं कटिस्नान थंड पाण्याचं असलं, तरी त्यालाही कंबर बुडेल एवढाच छोटा टब लागतो. पाय शेकायला तर मोठं घमेलं आणि एक-दोन बादल्या पुरतात. मधुमेह असलेल्यांनी मात्र पाय घालण्याआधी दुसऱ्याला हाताने पाणी पाहायला सांगावं, कारण त्यांच्या पायाला चटका कळत नाही.

कोणत्या घराला काय?

• सकाळी १-२ बादल्या : रॉड नीट सांभाळून वापरा किंवा ३ लिटरचा गिझर. सोलरची गरज नाही.
• ३ ते ५ बादल्या : २५ लिटरचा टाकीचा गिझर, एकामागून एक आंघोळ. वर्षभर गरम पाणी लागत असेल तर १०० लिटरचं सोलर.
• ६ ते ८ बादल्या : १०० लिटरचं सोलर, ढगाळ दिवसांसाठी रॉड किंवा चूल सोबत.
• ९ ते १२ बादल्या : १५० लिटरचं सोलर.
• १३ ते १६ बादल्या, एकत्र कुटुंब किंवा दुधाचा धंदा : २०० लिटर. छताचं वजन आधी मिस्त्रीला दाखवून.

दोन मापांच्या मध्ये अडकलात तर घरातल्या वयस्कांकडे आणि लहानग्यांकडे पाहून ठरवा. तरणी माणसं अर्धा तास थांबू शकतात, आजी थांबू शकत नाही. आणि दुकानात जाताना तीन आकडे कागदावर लिहून न्या : सकाळच्या बादल्या, न्हाणीपर्यंतच्या पाइपाचे फूट आणि बिलावरचा मंजूर भार. हे तीन आकडे समोर ठेवले की दुकानदारही ‘माणसं किती?’ विचारून थांबत नाही, बसून हिशेब करतो.